सावकाशकाकू

समोरच्या बाईशी ओळख असो वा नसो, तिच्या अंगावर रेशमी साडी दिसली की सावकाशकाकू पुढे होत, तिचा पदर चिमटीत धरत आणि उलटा करून पाहत. लग्नाच्या हॉलमध्ये, बसच्या रांगेत, एकदा तर चिंचवडच्या एका बँकेत काउंटरवर ओणवून त्यांनी आतल्या मॅडमचा पदर धरला होता. बायका दचकत, काही चिडत. काकूंना त्याचं काही वाटत नसे. पदराची पाठ पाहून झाली की तो त्या पुन्हा नीट खांद्यावर ठेवत, वरून हात फिरवत आणि दोनांपैकी एकच गोष्ट म्हणत. "जपा," नाहीतर "छान आहे." "जपा" म्हणजे साडी हातमागाची. "छान आहे" म्हणजे यंत्रमागाची. ही त्यांची भाषा मला कळायला दोन वर्षं लागली, आणि कळली नसती तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारा दिवसही पुढे आला.

काकू जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं खरं नाव कौसल्या. माहेर येवल्याचं, विणकराचं घर. लग्न होईपर्यंत त्या वडिलांच्या शेजारी मागावर बसत. नवरा पिंपरीच्या फाउंड्रीत लागला म्हणून इकडे आल्या, तो लवकर गेला, आणि मग काकू चाकणजवळच्या एका कंपनीत लाइनवर उभ्या राहिल्या. मी तिथेच क्वालिटी इंजिनिअर होतो. गाडीच्या पोटात ज्या वायरिंगच्या जुड्या असतात, त्या आमच्याकडे बनत. शंभरेक बायका, पुढून सरकत जाणारा पट्टा, वर तासागणिक टार्गेट दाखवणारा बोर्ड. सुपरवायझर ओरडायचा, "हात चालवा, हात चालवा!" आणि काकू वायर खाचेत बसवता बसवता शेजारणीला म्हणायच्या, "सावकाश गं. पळून कुठं जातंय?" म्हणून त्या सावकाशकाकू. चिडवायला ठेवलेलं नाव होतं, पण त्यांच्या हातचा एक नग कधी परत आला नाही, तेव्हा चिडवणंही हळूहळू गळून पडलं.

एका शनिवारी ओव्हरटाइम चालू होता. माल न्यायला गाडी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. अचानक पट्टा थांबला. काकूंनी लाल बटण दाबलं होतं. मॅनेजर धावतच खाली आले.

"कोणी थांबवली लाइन?"

"मी," काकू म्हणाल्या. "दोन वायरींची अदलाबदल झालीय. तांबडी नि विटकरी. सकाळपासून."

मी तिथंच उभा होतो. शिफ्टच्या सुरुवातीचा पहिला नग मीच तपासला होता, त्यावर सही माझी होती. काकूंना ते ठाऊक होतं. सही करताना त्या समोर होत्या. मॅनेजरांनी विचारलं, "सकाळी कोणाच्या लक्षात नाही आलं?" काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथं उजेड कमी हाये साहेब. दोन्ही रंग एकच दिसतात."

माल थांबला, दुरुस्त झाला, माझी नोकरी वाचली. काकूंना मात्र सुपरवायझरला न विचारता लाइन थांबवली म्हणून मेमो मिळाला. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सोमवारी चहाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि एवढंच बोलल्या, "सर, सही करायच्या आधी पाठीमागची बाजू बघत जा. पुढची बाजू सगळेच बघतात." मेमोचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

पुढे कंपनीने ती लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली. आम्ही दोघंही घरी बसलो. मी पंचेचाळिशीचा, त्या पंचावन्नच्या. निरोपाच्या दिवशी गेटबाहेर टपरीवर उभं असताना काकू हायवेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही वाट पुढे कुठल्या वाटेला मिळते ते माहीत आहे का? माझे वडील सांगायचे. पैठणहून रेशीम निघायचं, जुन्नरला यायचं, नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराला जायचं. आपण आठ वर्षं या वाटेच्या कडेला उभं राहून वायरी बांधल्या." मी हसलो, पण घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईना. महिन्याभरात मी एक बारा सीटची गाडी भाड्याने ठरवली. पाच दिवस, आठ पाहुणे, चाकणवरून जुन्नर, नाणेघाट, मग येवला आणि शेवटी पैठण. नाव ठेवलं रेशीमवाट. काकूंची अट एकच होती: दिवसाला एकच गाव. "दोन गावं एका दिवसात बघितली की दोन्ही दिसत नाहीत," असं त्या म्हणत.

पहिल्या दिवशी सकाळीच पाहुण्यांची परीक्षा व्हायची, कारण चाकणच्या चौकात गाडी अडकायचीच. पुढे कंटेनर, मागे नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, मधून घुसणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. माणसं घड्याळं बघायला लागत. देहूरोडचे एक निवृत्त अधिकारी, आम्ही त्यांना साहेबच म्हणत असू, एकदा भडकले. "याला तुम्ही टूर म्हणता? तासाभरात चौक ओलांडला नाही!" काकू पुढच्या सीटवरून वळल्या. "साहेब, बैलांचे तांडे पण इथंच थांबत असतील. त्यांना तर हॉर्न पण नव्हता." सगळे हसले, साहेबही. पण मी काकूंचा हात पाहिला. त्यांनी पुढची दांडी बोटं पांढरी होईपर्यंत आवळून धरली होती. ही टूर मोडली तर आपल्या दोघांनाही दुसरं काही नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त त्या ते पाहुण्यांना दिसू देत नव्हत्या.

नाणेघाटात त्या माहिती सांगत नसत. तिथल्या दगडी रांजणापाशी पाहुण्यांना उभं करत. "यात जकात टाकायची, मगच माल खाली उतरायचा, असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं मी बघितलं नाही." आणि मग सगळ्यांना अर्धा तास नुसतं बसायला लावत, बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं लोक चुळबुळत. मग खालून वर येणारा वारा ऐकू येई. परत आल्यावर लिहिलेल्या अभिप्रायात निम्मे लोक त्या अर्ध्या तासाबद्दल लिहीत.

टूरचा खरा जीव मात्र येवल्यात होता, आणि खरी अडचणही. काकूंचा धाकटा भाऊ सुरेश तिथे साड्यांचं मोठं दुकान चालवत होता. आई लवकर गेली, तेव्हा काकूंनीच त्याला कडेवर वाढवलेलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा जुना माग अजून उभा होता. काकू पाहुण्यांना तासभर त्या मागावर बसवत, एकेकाला धागा टाकायला लावत. तासाने पट्टी लावून बघितलं तर कापड नखाएवढंही वाढलेलं नसे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी मी ही टूर काढली असं मी लोकांना सांगायचो.

त्यानंतर सुरेश सगळ्यांना पुढच्या दालनात नेई. त्याने आमच्या पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था केली होती आणि होणाऱ्या विक्रीतला वाटाही तो मला देत असे. त्या वाट्याशिवाय टूर चालली नसती. पहिल्याच खेपेला माझ्या लक्षात आलं की पाहुणे पुढे गेले की काकू मागेच राहतात. कधी मागाची धूळ पुसत, कधी अंगणात बसत. दुसऱ्या खेपेला सुरेशचं लक्ष नसताना मी गादीवरची एक साडी उचलली आणि पदर उलटा केला. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, एवढं मी एव्हाना शिकलो होतो. या पदराच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांची कुसळं होती. येवल्यात घरोघरी खरे माग चालतात, त्यांच्या शेजारीच हा यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून विकला जात होता, आणि गिऱ्हाइकं आम्ही आणत होतो.

मी अंगणात जाऊन काकूंना विचारलं, "तुम्ही आत का येत नाही?"

त्या म्हणाल्या, "सर, मी त्या खोलीत गेले तर माझा हात गप्प बसायचा नाही."

"मग जाऊ नका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. सुरेश त्यांचा भाऊ होता, त्याचं घर हेच त्यांचं उरलेलं माहेर होतं, आणि तो माग कधीतरी चाकणजवळ कुरुळीला, आपल्या भाड्याच्या खोलीत न्यायचा, हे त्यांचं एकमेव स्वप्न होतं. सुरेशने तसा शब्दही दिला होता. हे सगळं मला माहीत होतं. त्या "बरं" मागे हे सगळं होतं, आणि मला ते सोयीचं होतं.

चौथ्या खेपेला निगडीच्या मोहिनीताई आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. देहूरोडचे साहेबही बायकोला घेऊन पुन्हा आले होते. मोहिनीताई मागावर तासाऐवजी तीन तास बसल्या. त्यांच्या हातून धागा तुटला तेव्हा त्यांना रडूच आलं, काकूंनी तो जोडून दिला आणि म्हणाल्या, "तुटतोच. तुटू नये म्हणून नाही, जोडता यावा म्हणून शिकायचं." तिथून दोघींची गट्टी जमली. दुपारी पुढच्या दालनात मोहिनीताईंनी एक हिरवी पैठणी पसंत केली, आणि मग साडी हातात घेऊन त्या दारापर्यंत आल्या. "काकू, आत या. तुम्ही बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

काकू अंगणातल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "ताई, जेवणाला उशीर होतोय, आपण जेवून येऊ ना." पण मोहिनीताईंनी काकूंचा हात धरून त्यांना आत आणलंच.

सुरेश गादीवर होता. तो हसला. "बघ ना ताई. आपल्याच मागावरची आहे, सांग त्यांना."

काकूंनी पदर चिमटीत धरला. उलटा केला. दालनात आठ पाहुणे, तीन विक्रेते, मी. काकूंनी पदर सरळ केला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे."

त्या दोन शब्दांचा अर्थ त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना माहीत होता. सुरेशने साडीची घडी घालायला हात पुढे केला. प्रकरण तिथेच मिटत होतं. पण मोहिनीताई जन्मभर मुलांचे पेपर तपासलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "छान आहे ते मलाही दिसतंय हो. हातमागाची आहे का, ते सांगा."

मी बोललो. हे लिहायला आजही जड जातं, पण मी बोललो. "अहो, त्या छान म्हणाल्या ना, मग झालं की."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मोहिनीताईंना म्हणाल्या, "नाही. यंत्रमागाची आहे. वाईट नाही, टिकेल. पण हातमागाची नाही. या खोलीत हातमागाची एकही नाही."

पुढे सगळं एकदम झालं. साहेबांनी आधीच दोन साड्या घेतल्या होत्या. ते पिशवी घेऊन गादीपाशी गेले आणि ती दाणकन आपटली. "परत घ्या!" सुरेश पांढराफटक पडला होता, पण आवाज त्याने खाली येऊ दिला नाही. "बिलावर हातमाग लिहिलंय का कुठं? वाचा की." साहेबांनी त्याची कॉलर धरली. विक्रेते मधे पडले, कोणीतरी बाहेरून शटर अर्ध्यावर ओढलं, खोलीत अंधार झाला आणि साहेबांच्या बायकोने किंकाळी फोडली. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो होतो.

काकू चालत मधे गेल्या. चालत, नेहमीच्याच चालीने. साहेबांचा हात त्यांनी कॉलरवरून सोडवला आणि भावाला म्हणाल्या, "सुरेश, शटर वर कर. ही माझी माणसं आहेत."

क्षणभर तो करील असं वाटेना. मग त्याने मान हलवली, शटर वर गेलं. साहेबांचे पैसे त्याने परत केले. आणि सगळ्यांच्या समोर बहिणीला म्हणाला, "ताई, आजपासून तुला माहेर नाही. आणि बाबांच्या मागाची आशा सोड."

काकूंनी चपला घातल्या. एका चपलेचा बंद अडकत होता, तो खाली वाकून नीट केला, आणि पायऱ्या उतरल्या.

भर दुपारी रस्त्यावर आठ पाहुणे, सामान आणि आम्ही दोघं. माझं डोकं चालेना. काकूच म्हणाल्या, "चला, मागच्या गल्लीत शांताबाईंकडे. भाकरी तरी मिळेल." शांताबाई म्हणजे त्यांच्या वडिलांच्या ओळखीतल्या वयस्कर विणकर. एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल. सगळ्यांनी तिथे पिठलं-भाकरी खाल्ली. मोहिनीताईंनी मागावरच्या अर्ध्या साडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मला एक विणून द्याल?"

"लग्नापर्यंत व्हायची नाही बाई," शांताबाई म्हणाल्या.

"लग्न दोन दिवसांचं असतं. नंतर नेसेल ती."

परतीच्या वाटेवर चाकणला गाडी पुन्हा अडकली. मागचे सगळे पेंगले होते. मी हळू आवाजात काकूंना म्हणालो, "तुम्ही मला आधी नीट सांगायला हवं होतं. काहीतरी मार्ग काढला असता." 

त्या समोरच्या कंटेनरकडे बघत म्हणाल्या, "सर, तुम्हाला माहीत होतं."

कुरुळीच्या फाट्यावर त्या उतरल्या. "येते," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना फोन केला नाही. पुढची टूर मी दुसरा गाईड घेऊन, दुसऱ्या दुकानाशी बोलून काढली. गाईडला सगळी माहिती तोंडपाठ होती आणि नाणेघाटात तो अखंड बोलत होता. "त्या काकू कुठे आहेत?" असं कोणी विचारलं की मी सांगे, त्यांची तब्येत बरी नाही. तिसऱ्या दिवशी हे खोटं सांगताना माझी जीभ अडखळली. टूर संपवून मी तसाच कुरुळीला गेलो. काकूंच्या खोलीला कुलूप. घरमालक म्हातारे ओट्यावर बसले होते.

"त्या व्हय? त्या गेल्या की येवल्याला. महिना झाला. तुमाला न्हाई सांगितलं?"

"नाही."

"आमाला वाटलं तुमीच नेलंय त्यांना, टूरवर."

दुसऱ्या दिवशी मी येवल्याला गेलो. शांताबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मोहिनीताईंची साडी मागावर काकू विणत होत्या. मला दारात पाहून त्या थांबल्या नाहीत. "बसा सर. हा मोर होईस्तोवर बोलू नका." मी सकाळी दहाला बसलो. उन्हं खिडकीतून आत आली, भिंतीवर चढली, गेली. मोराची मान झाली, चोच झाली. मधूनमधून काकूंना खोकल्याची उबळ येई, तेव्हा त्या हात मागावरून बाजूला घेऊन खोकत आणि पुन्हा धागा उचलत. दुपार कलल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे वळल्या.

मी माफी मागितली. मेमोपासून सगळ्याची मागितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीही गप्प बसलेच की. तीन खेपा. आधीच्या तीन टूरमधल्या बायकांनी त्या साड्या घेतल्या आणि घरी जाऊन सांगितलं असेल, हातमागाची म्हणून. त्यांचे नंबर आहेत तुमच्याकडे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काकू, त्यांना आता कळून काय उपयोग?"

"उपयोगाचं नंतर बघू. नंबर आहेत का?"

नंबर होते. अकरा. शांताबाईंच्या ओट्यावर बसून मी एकेक फोन लावला, आणि काकू शेजारी बसून राहिल्या. प्रत्येक फोनवर मी सांगायचो की तुम्ही आमच्या टूरमध्ये घेतलेली साडी यंत्रमागाची आहे, मला ते ठाऊक होतं, मी बोललो नाही. पहिल्या बाईंनी मला पाच मिनिटं फाडून खाल्लं. एकीने पोलिसांत जाईन म्हणून सांगितलं. एक हसली, म्हणाली, अहो मला तेव्हाच शंका आली होती. आकुर्डीच्या एका बाईंनी ती साडी सुनेला पहिल्या सणाला दिली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता फोन चालू ठेवला, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. मी काकूंकडे पाहिलं. फोन ठेवू का, असं खुणेनं विचारलं. काकूंनी मान हलवली, नाही. खूप वेळाने बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि त्यांनीच फोन ठेवला. अकरावा फोन झाला. काकू उठल्या. "आता चहा घेऊ," म्हणाल्या.

रेशीमवाट त्यानंतर पुन्हा सुरू झाली, पण लहान. पाहुणे सहा. दुकान नाही, शांताबाईंच्या खोलीत बसायचं, तिथेच जेवायचं. त्या अकरांपैकी तिघी आपल्या मैत्रिणींना घेऊन परत आल्या, त्यात ती आकुर्डीची सासू सुनेसकट. काकू मात्र गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "वाटेवर तुम्ही बोला आता. चुकलात तर कोणीतरी सांगेलच." मोहिनीताईंची साडी दिवाळीच्या आधी पुरी झाली. ती न्यायला मुलगी आणि जावई दोघं आले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी येवल्यातच होतो. काकूंनी दुपारी ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, दोन करंज्या. आणि मला म्हणाल्या, "सर, जरा माझ्याबरोबर येता का? चालताना दम लागतो."

कुठे ते मी विचारलं नाही. आदल्या वर्षीही त्या गेल्या होत्या, असं शांताबाईंनी मला सांगितलं होतं. तेव्हा सुरेशने त्यांना येताना पाहून शटर ओढून घेतलं होतं. गल्ली संपून दुकान दिसलं. दुकान उघडं होतं, सणाची गर्दी होती. काकू आत गेल्या नाहीत. पहिल्या पायरीच्या खाली, रस्त्यावरच, ताट दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. वाऱ्याने निरांजन विझलं. त्यांनी ते पुन्हा लावलं.

सुरेशने पाहिलं. मान खाली घालून गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवू लागला. एक साडी, दुसरी, तिसरी. गिऱ्हाइकं गेली, दुसरी आली. येणारे-जाणारे काकूंना वळसा घालून पायऱ्या चढत. मी म्हणालो, "काकू, चला." त्या म्हणाल्या, "सावकाश."

अर्धा तास झाला असेल. काकूंच्या हातातलं ताट एका बाजूला कलायला लागलं होतं, मी त्याखाली हात धरला. तेवढ्यात सुरेश गादीवरून उठला. शटरपाशी आला. माझ्या मनात आलं, ओढतोय आता. तो तसाच पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर, लोकांच्या चपलांच्या मधे, बसला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "ताई, दुकान तेच आहे. साड्या त्याच आहेत. मी काही बदललेलो नाही."

काकूंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी दुकानाला ओवाळायला आलेली नाही."

आणि त्यांनी ताट फिरवलं.